राउटरचा मेंदू आणि मोजक्या साधनांचा हिशेब

बी. कॉम. भाग २, मराठी विभाग

गरजा अमर्याद असतात, साधने मर्यादित असतात आणि त्या साधनांना पर्यायी उपयोग असतात. लायोनेल रॉबिन्स ह्यांनी १९३२ साली मांडलेली अर्थशास्त्राची ही व्याख्या आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि परीक्षा संपली की विसरून जातो. जमीन, भांडवल आणि मजूर ह्यांच्यापुरतीच ती खरी आहे, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या इंटरनेटवर आज आपले बँकेचे व्यवहार, परीक्षेचे अर्ज आणि विद्यापीठाचे निकाल अवलंबून आहेत, त्या इंटरनेटच्या पोटातील राउटर नावाच्या यंत्रात हीच व्याख्या क्षणोक्षणी कसोटीला लागत असते. ह्या यंत्राच्या मेंदूचे अतिरिक्त रहदारीपासून रक्षण कसे करतात, हा प्रश्न वरवर पाहता संगणकशास्त्राचा आहे. त्याचा गाभा मात्र वाटपाचा आहे. म्हणूनच वाणिज्याच्या विद्यार्थ्याने ह्या परक्या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस केले आहे.

राउटरची दोन कामे

इंटरनेटवरून जाणारा मजकूर, मग ते पत्र असो, छायाचित्र असो वा बँकेचा निरोप असो, लहान लहान तुकड्यांत विभागून पाठवला जातो. ह्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. एका मार्गाने आलेले पॅकेट पत्ता पाहून पुढच्या योग्य मार्गावर सोडणे, हे राउटरचे काम. टपालखात्यात पत्रांची छाननी करणारे कार्यालय असते, तसेच हे समजावे.

मोठ्या राउटरात दोन वेगवेगळे विभाग असतात. पहिला वहनाचा. त्यात खास ह्याच कामासाठी घडवलेल्या चिप असतात. त्या विचार करीत नाहीत. तयार तक्ता पाहून पॅकेट पुढे सारतात. दुसरा विभाग नियंत्रणाचा. ह्यालाच तंत्रज्ञ कंट्रोल प्लेन म्हणतात. येथे आपल्या घरच्या संगणकात असतो त्याच जातीचा प्रोसेसर बसलेला असतो. शेजारच्या राउटरांशी बोलणे, कोणता मार्ग चालू आहे व कोणता बंद पडला आहे ह्याची खबर घेणे, त्यावरून तक्ता तयार करणे आणि तो चिपच्या हवाली करणे, ही ह्या प्रोसेसरची कामे. छाननी करणारे कारकून वेगळे आणि पोस्टमास्तर वेगळे, असा हा प्रकार आहे.

आता दोघांच्या ताकदीतील अंतर पाहावे. सेकंदाला १०० गिगाबिट वेगाच्या एका जोडणीवरून सर्वांत लहान आकाराची पॅकेटे आली, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १४ कोटी ८८ लाख भरते. चिप ती सहज हाताळते. प्रोसेसरची कुवत मात्र साधारणपणे सेकंदाला काही हजारांपासून फार तर काही लाखांपर्यंत. एका जोडणीची ही कथा; मोठ्या राउटराला अशा कितीतरी जोडण्या असतात. म्हणजे कारकुनांपुढे महापूर आला तरी ते डगमगणार नाहीत, पण त्या पुराचा एक थेंब पोस्टमास्तरांच्या खोलीकडे वळला तरी ते गुदमरतील.

मेंदूपर्यंत काय पोचते?

कोणी म्हणेल, मग सर्वच रहदारी चिपने हाताळावी, मेंदूकडे काही पाठवूच नये. तसे करता येत नाही. तीन प्रकारची पॅकेटे मेंदूपर्यंत जावीच लागतात.

पहिला प्रकार खुद्द राउटरच्या नावे आलेल्या पॅकेटांचा. शेजारी राउटरांचे निरोप, व्यवस्थापकाने दुरून केलेले लॉगिन, घड्याळ जुळवण्याचे संदेश आणि 'तू जागा आहेस का?' असे विचारणारे पिंग, ही सर्व त्यात येतात. दुसरा प्रकार अपवादात्मक पॅकेटांचा. प्रत्येक पॅकेटावर आयुर्मर्यादेचा एक आकडा लिहिलेला असतो व तो दर राउटरपाशी एकाने कमी होतो. तो शून्यावर आला की पॅकेट टाकून द्यायचे आणि तसे पाठवणाऱ्याला कळवायचे, असा नियम आहे. हे कळवण्याचे काम बऱ्याच यंत्रांत मेंदूकडेच येते. तिसरा प्रकार शेजाराच्या चौकशीचा. पॅकेट ज्या यंत्राला द्यायचे ते जवळच्याच जाळ्यात आहे, पण त्याचा हार्डवेअरचा पत्ता ठाऊक नाही, अशा वेळी राउटरला 'हा पत्ता कोणाचा?' अशी हाक द्यावी लागते. हे कामही मेंदूचेच.

ह्यांतील शेजारी राउटरांचे निरोप सर्वांत मोलाचे. ओ.एस.पी.एफ. नावाच्या पद्धतीत नेहमीच्या जाळ्यावर दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला 'मी आहे' असा निरोप जातो. ४० सेकंदांत एकही निरोप आला नाही, तर शेजारी मेला असे समजून मार्ग बदलले जातात. देशोदेशींच्या कंपन्यांची जाळी जोडणाऱ्या बी.जी.पी. पद्धतीच्या मानकात ही मुदत ९० सेकंदांची सुचवलेली आहे. मुदत टळली की त्या शेजाऱ्याकडून शिकलेले सर्व मार्ग रद्द होतात आणि ही बातमी पुढच्या शेजाऱ्यांना, त्यांच्याकडून त्यांच्या शेजाऱ्यांना जात राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मेंदू गुदमरला म्हणजे राउटर नुसता मंद होत नाही. त्याच्या वहनाच्या चिप धडधाकट असल्या, जोडण्या शाबूत असल्या, तरी शेजारी त्याला मृत ठरवतात. पुढे तो पुन्हा बोलू लागला की सर्व मार्ग त्याला नव्याने सांगावे लागतात आणि ते ऐकण्याचे श्रम त्याच थकलेल्या मेंदूवर पडतात. आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांनीच थकवावे, तशी त्याची गत होते.

नकारालाही किंमत पडते

ह्यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे दारावर पहारेकरी ठेवणे. अमुक पत्त्यावरून आलेले घ्यायचे, तमुक टाकून द्यायचे, असे नियम करता येतात. पण हा पहारेकरी कोठे उभा करायचा हे महत्त्वाचे. नियम तपासण्याचे काम मेंदूकडेच दिले, तर नको असलेले पॅकेट पाहून 'नको' म्हणण्यातच त्याचा वेळ खर्ची पडतो. पोस्टमास्तरांनी स्वतः दारात उभे राहून लोकांना परत पाठवायचे ठरवले, तर त्यांचे टेबलावरचे काम कोण करणार? सबब नकार मेंदूपाशी पोचण्यापूर्वीच, म्हणजे वहनाच्या चिपमध्येच, दिला गेला पाहिजे. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आय.ई.टी.एफ. ह्या संस्थेने मार्च २०११ मध्ये ६१९२ क्रमांकाचे टिपण प्रसिद्ध केले, ते नेमके राउटरच्या ह्या भागाच्या रक्षणावर आहे. आवश्यक रहदारी नेमकी ओळखावी, काहीला मोकळी वाट द्यावी, काहीला मोजून वाट द्यावी आणि उरलेली दारातच टाकावी, हा त्याचा सारांश.

सल्ला उत्तम आहे. पण चिपमधील जागा मोजकी असते आणि खरा हिशेब येथून सुरू होतो.

टीकॅमची महागडी जागा

चिपमधील हे नियम बहुधा टीकॅम नावाच्या विशेष स्मृतीत ठेवलेले असतात. साध्या स्मृतीला आपण जागेचा क्रमांक सांगतो आणि ती तेथील मजकूर देते. टीकॅमचे उलटे आहे. तिला मजकूर दाखवायचा आणि तो कोणत्या ओळीत बसतो हे तिने सांगायचे. तेही एकेक ओळ चाळून नव्हे, तर सर्व ओळी एकाच वेळी ताडून. शिवाय तिच्या प्रत्येक घरात शून्य, एक आणि 'काहीही चालेल' अशा तीन स्थिती मावतात. ह्या चलाखीची किंमत मोजावी लागते. साध्या वेगवान स्मृतीच्या एका घराला नेहमीच्या रचनेत ६ ट्रान्झिस्टर लागतात, तर टीकॅमच्या घराला १६. सर्व ओळी एकदम जागवाव्या लागत असल्याने वीजही अधिक खर्च होते आणि उष्णताही अधिक निर्माण होते. त्यामुळे टीकॅम मुबलक देणे कोणत्याच निर्मात्याला परवडत नाही. आणि जी असते तीही केवळ रक्षणासाठी नसते. ग्राहकांसाठीचे नियम, रहदारीचा दर्जा ठरवणारे नियम, कित्येक यंत्रांत खुद्द मार्गांचा तक्ताही तिच्यावर हक्क सांगतो. मर्यादित साधने आणि पर्यायी उपयोग ह्यांचे ह्याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

ओळी कशा खर्ची पडतात ते पाहण्यासारखे आहे. बी.जी.पी.चे संभाषण १७९ ह्या पोर्टवर चालते. पण संभाषणाची सुरुवात दोघांपैकी कोणीही करू शकतो. म्हणून एका शेजाऱ्यासाठी दोन ओळी लागतात; एक १७९ कडे येणाऱ्या पॅकेटांसाठी आणि एक १७९ वरून निघालेल्या पॅकेटांसाठी. शंभर शेजारी असतील तर दोनशे ओळी झाल्या. हेच शेजारी आय.पी.च्या नव्या सहाव्या आवृत्तीतही बोलत असतील, तर आणखी दोनशे. नव्या आवृत्तीचा पत्ता ३२ ऐवजी १२८ बिटांचा असल्याने समजा एका ओळीला दोन ओळींची जागा लागली, तर एकूण खर्च सहाशेवर गेला. आणि हे एका पद्धतीचे शेजारी झाले.

त्याहून फसवा खर्च पोर्टच्या पल्ल्यांचा आहे. '१०२४ ते ६५५३५' असे माणसाने एका ओळीत लिहिले, तरी टीकॅमला 'पासून-पर्यंत' ही भाषा कळत नाही. तिला तो पल्ला १०२४ ते २०४७, २०४८ ते ४०९५ अशा दुप्पट होत जाणाऱ्या तुकड्यांत मोडून द्यावा लागतो. ह्या पल्ल्याचे ६ तुकडे होतात. '१ ते ६५५३४' असा गैरसोयीचा पल्ला लिहिला तर तब्बल ३०. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे, दोन्हीकडे असाच पल्ला असला तर ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० ओळी, आणि माणसाने मात्र कागदावर एकच ओळ लिहिलेली! काही चिपमध्ये पल्ल्यांसाठी वेगळी सोय असते, पण तीही मोजकीच. खर्चाच्या एका शीर्षाखाली अनेक पोटखर्च दडलेले असावेत आणि ते वर्षअखेरीलाच उमगावेत, असा हा प्रकार आहे.

एका बादलीत सर्वांना पाणी

नियम झाले, आता मर्यादा. ज्या पॅकेटांना मोजून वाट द्यायची त्यांच्यासाठी चिपमध्ये वेगमर्यादक असतात. त्यांची रीत सोपी आहे. एक बादली आहे अशी कल्पना करावी. तिच्यात ठरावीक वेगाने टोकने पडत असतात. पॅकेट आले की एक टोकन घेऊन पुढे जाते. बादली रिकामी असेल तर पॅकेट टाकले जाते. बादलीचा आकार थोडा मोठा ठेवला, तर एकदम आलेली छोटी गर्दीही सामावते. अशा बादल्या चिपमध्ये मोजक्याच असतात. त्यामुळे पॅकेटांचे प्रकार अधिक आणि बादल्या थोड्या, असे झाले की अनेक प्रकार एका बादलीत ढकलण्याचा मोह होतो. खरा धोका ह्या मोहात आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका राउटरात मेंदूकडे जाणाऱ्या सर्व पॅकेटांना मिळून सेकंदाला १,००० ची एकच मर्यादा आहे. नेहमीची योग्य रहदारी सेकंदाला २०० आहे आणि तिच्यात शेजाऱ्यांचे मोलाचे निरोपही आहेत. मर्यादा पाचपट आहे, म्हणून सर्वजण निर्धास्त आहेत. आता कोणी खोडसाळाने सेकंदाला ९९,८०० पिंग पाठवण्यास सुरुवात केली. एकूण पॅकेटे १,००,००० झाली, टोकने १,०००. म्हणजे शंभरातून एकच पॅकेट आत जाणार, आणि बादलीला चांगले-वाईट कळत नसल्याने शेजाऱ्याच्या निरोपालाही शंभरात एकच संधी. ओ.एस.पी.एफ.च्या ४० सेकंदांत चार निरोप येतात. प्रत्येक निरोप हरवण्याची शक्यता ०.९९ धरली, तर चारही हरवण्याची शक्यता ०.९९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.९६ येते. शंभरातून शहाण्णव वेळा शेजारी मृत ठरणार!

ह्या हल्ल्याला खर्च किती? सर्वांत लहान पॅकेटे धरली तर सेकंदाला सुमारे ६७ मेगाबिट. हल्ली घरोघरी १०० मेगाबिटची फायबर जोडणी मिळते, तिच्याहूनही कमी. १०० गिगाबिटच्या जोडणीच्या मानाने तर हा सुमारे दीड हजारावा हिस्सा. आणि गंमत अशी की ह्या सर्व काळात मेंदू मुळीच थकलेला नसतो. त्याच्याकडे ठरल्याप्रमाणे सेकंदाला १,००० पॅकेटेच येत असतात. प्रोसेसरचा आलेख पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसते. रक्षणासाठी घातलेल्या मर्यादेनेच हल्लेखोराचे काम स्वस्त केलेले असते.

आता शेजाऱ्यांच्या निरोपांना वेगळी बादली दिली, सेकंदाला ३०० ची, आणि पिंगला वेगळी, सेकंदाला ५० ची. तोच हल्ला पुन्हा झाला तर पिंगची बादली कोरडी पडेल, पिंगला उत्तरे मिळणार नाहीत, आणि शेजाऱ्यांचा एकही निरोप हरवणार नाही. एकूण मर्यादा १,००० वरून कमी झाली, तरी रक्षण वाढले. साधने किती आहेत ह्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती कशी विभागली आहेत ह्याला महत्त्व आहे.

दोन खरे प्रसंग

विभागणी चुकली म्हणजे काय होते ह्याचा धडा १२ ऑगस्ट २०१४ रोजी मिळाला. त्या काळी सिस्को कंपनीची ६५०० व ७६०० ह्या मालिकांतील यंत्रे जगभर वापरात होती. त्यांच्या मार्गतक्त्यासाठी टीकॅममध्ये सुमारे दहा लाख जागा होत्या. जुन्या आवृत्तीच्या एका मार्गाला एक जागा लागे, नव्या आवृत्तीच्या मार्गाला दोन. कारखान्यातून येताना ह्या जागेची वाटणी जुन्यासाठी ५,२४,२८८ मार्ग आणि नव्यासाठी २,६२,१४४ मार्ग अशी निम्मी-निम्मी केलेली असे. त्या दिवशी जगातील जुन्या आवृत्तीच्या मार्गांची संख्या काही वेळ ह्या मर्यादेला भिडली. ज्या यंत्रांची वाटणी बदललेली नव्हती, त्यांत न मावलेल्या मार्गांची पॅकेटे चिपऐवजी प्रोसेसरकडे वळली आणि ठिकठिकाणी सेवा मंदावली वा खंडित झाली. विशेष म्हणजे नव्या आवृत्तीसाठी राखलेली बहुतेक जागा तेव्हा रिकामीच होती. कंपनीने आधी इशारा दिला होता आणि उपायही साधा होता. वाटणीचा आकडा बदलून यंत्र पुन्हा सुरू करणे. एका खात्यात शिल्लक पडून असताना दुसऱ्या खात्याचा धनादेश परत यावा, असा हा प्रसंग.

दुसरा प्रसंग मर्यादाच नसण्याचा. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स कंपनीच्या जाळ्यात फेरबदल चालू असताना वितरणाच्या राउटरांवरील एक गाळणी काढली गेली. त्यामुळे मार्गांचा प्रचंड लोंढा मुख्य राउटरांवर आदळला. इतके मार्ग घेण्याची त्यांची कुवत नव्हती आणि अशा अतिभारापासून रक्षणाची मर्यादाही त्यांच्यावर घातलेली नव्हती. ते कोलमडले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. इंटरॅक ही डेबिट कार्डाची व्यवस्था देशभर विस्कळीत झाली. रॉजर्सच्या अनेक ग्राहकांचे ९११ ह्या आणीबाणीच्या क्रमांकावरील फोनही लागेनात. ह्याहून बोलका भाग पुढचा. राउटर दुरुस्त करण्यासाठी त्यांच्यापर्यंत पोचण्याचा व्यवस्थापनाचा मार्गही त्याच मुख्य जाळ्यावर अवलंबून होता. जाळे पडले तसा तो मार्गही पडला, आणि कंपनीच्या तंत्रज्ञांना स्वतःच्याच यंत्रांपर्यंत जाता येईना. घराची किल्ली घरातच राहून दार लागावे, तशी अवस्था झाली.

पहिल्या प्रसंगी कोणी हल्ला केल्याचे कारण नव्हते, दुसऱ्या प्रसंगीही नव्हते. मेंदूचे रक्षण केवळ चोराचिलटांपासून करायचे नसते. आपल्याच माणसाच्या हातून झालेल्या चुकीपासून आणि नैसर्गिक वाढीपासूनही करायचे असते.

मग वाटप कसे करावे?

ह्या सर्व विवेचनातून काही सूत्रे निघतात. ती वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटतील.

पहिले सूत्र : फुकटात टाकता येईल ते आधी टाकावे. वर सांगितलेला आयुर्मर्यादेचा आकडा जास्तीत जास्त २५५ असू शकतो. लगतच्या शेजाऱ्याने २५५ लिहून पाठवले तर ते २५५ च राहून पोचते. दूरवरून आलेल्या पॅकेटाचा आकडा वाटेतील प्रत्येक राउटरने कमी केलेला असल्याने, कितीही लबाडी केली तरी ते २५५ घेऊन पोचू शकत नाही. म्हणून लगतच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत '२५५ नसेल तर टाका' हा एक नियम दूरच्या साऱ्या बनावट पॅकेटांना अडवतो. ऑक्टोबर २००७ च्या ५०८२ क्रमांकाच्या मानकात ही युक्ती नोंदलेली आहे. तिला ना गुप्त शब्द लागतो, ना किचकट गणित.

दुसरे सूत्र : जमाखर्चाची शीर्षे नीट असावीत. कंपनीने आपल्या सर्व राउटरांना एकाच सलग समूहातील पत्ते दिलेले असतील, तर 'बाहेरून ह्या समूहाकडे येणारे काही घेऊ नका' असे जाळ्याच्या वेशीवर एका ओळीत सांगता येते. पत्ते वाटेल तसे विखुरलेले असतील, तर त्याच कामाला शेकडो ओळी लागतात. म्हणजे महागड्या टीकॅमची सर्वांत मोठी बचत चिपमध्ये होत नाही. ती पत्त्यांच्या कागदी नियोजनात, यंत्र विकत घेण्याच्याही आधी होते.

तिसरे सूत्र : ज्यांचे नुकसान सोसवत नाही त्यांना सोसवणाऱ्यांबरोबर बसवू नये. बादल्या थोड्या असतील तर कोणाला एकत्र आणायचे हे विचारपूर्वक ठरवावे. ओळखीच्या शेजाऱ्यांचे निरोप एका बादलीत, व्यवस्थापनाचे लॉगिन दुसरीत, 'हा पत्ता कोणाचा?' ही चौकशी तिसरीत, पिंग आणि आयुर्मर्यादा संपलेली पॅकेटे चौथीत, आणि उरलेसुरले सर्व पाचवीत, अगदी लहान बादलीत. चौकशीची बादली वेगळी हवी ह्याला खास कारण आहे. नव्या आवृत्तीच्या एकेका जाळ्यात सहसा २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. कोणी नुसते ते पत्ते चाळत सुटला, तरी राउटरला न संपणाऱ्या चौकश्या कराव्या लागतात.

चौथे सूत्र : दिलेल्या आश्वासनांची बेरीज करून पाहावी. राउटरात आठ कार्डे आहेत आणि प्रत्येक कार्डावर सेकंदाला १,००० ची मर्यादा आहे, असे समजा. आठही कार्डे एकदम भरली तर मेंदूपुढे ८,००० पॅकेटे येतील. त्याची कुवत ५,००० ची असेल तर प्रत्येक मर्यादा पाळली जाऊनही तो बुडेल. म्हणून कार्डावर एक आणि मेंदूच्या दारात दुसरी, अशा दोन पायऱ्यांच्या मर्यादा लागतात. सर्व ठेवीदार एकाच दिवशी येत नाहीत ह्या भरवशावर बँक चालते. तसा थोडा भरवसा येथेही धरावा लागतो. पण तो पिंगच्या बाबतीत धरावा, शेजाऱ्यांच्या निरोपांच्या बाबतीत धरू नये. त्यांच्यासाठी पूर्ण तरतूद हवी.

पाचवे सूत्र : अंदाजपत्रक मांडून थांबू नये, प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहावे. प्रत्येक बादलीतून किती पॅकेटे गेली आणि किती टाकली, हे आकडे राउटर देतो. प्रथम काही आठवडे कोणतीही मर्यादा न घालता नुसते मोजावे, गर्दीच्या वेळेचा आकडा पाहावा आणि मग मर्यादा ठरवावी, असा जाणत्यांचा प्रघात आहे. गर्दीची खरी वेळ म्हणजे नेहमीचा मंगळवार नव्हे. सर्व शेजारी एकदम पुन्हा बोलू लागतात, ती वीज जाऊन आल्यानंतरची वेळ. मर्यादा नेहमीच्या दिवसावरून ठरवली तर ती नेमकी संकटाच्या दिवशी गळा आवळते.

आणि सर्वांत शेवटी, राखीव निधी. व्यवस्थापकाच्या प्रवेशासाठी एक बादली, आणि शक्य असेल तर मुख्य जाळ्यावर मुळीच अवलंबून नसलेला एक स्वतंत्र मार्ग, कायम राखून ठेवावा. वर्षानुवर्षे तो वापरला जाणार नाही आणि ताळेबंद पाहणारा विचारील की हा खर्च कशासाठी. ८ जुलै २०२२ ची तारीख त्याला सांगावी.

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असे मराठीत म्हणतात. आपल्या ह्याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्र 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणतात, अर्थ एकच. पण राउटरच्या बाबतीत ही म्हण निम्मीच खरी आहे. अंथरूण लहान असले की पाय आखडावेत हे तर झालेच. परंतु एकाच अंथरुणावर अनेकांना झोपायचे असेल, तर कोणाला किती जागा हे रात्र पडण्यापूर्वी ठरवावे लागते. न ठरवता दिवा मालवला, तर जो सर्वांत जोराने ढकलेल त्यालाच जागा मिळते, आणि तो बहुधा घरचा माणूस नसतो.